माझ्या हाताखालचा विद्यार्थी

९ जानेवारी

पोरी,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. मी लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला आणि शेवटी कागदच बदलला. तुला हवा असेल तर आहे असं समज, नको असेल तर मी लिहिलेलाच नाही.

आम्ही बरे आहोत. हे तुला दर रविवारी आईच्या फोनवरून कळतंच. तेव्हा मी दुकानात असतो असं ती तुला सांगते, ते खरं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात भांडी पुसत उभा असतो. दर रविवारी तीच तीन पातेली.

सहा वर्षांनी पत्र लिहायला तसं काही कारण नाही. भट्टीचं दार बदललं. जुनं लाथ घातल्याशिवाय लागायचं नाही, नवं बोटानं लागतं. मी सवयीनं लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला. पाव पूर्वीसारखाच फुगतो. समोरचा न्हावी तुझी चौकशी करतो आणि उत्तर मिळायच्या आत स्वतःच्या मुलीबद्दल सांगायला लागतो.

आणखी एक. तुझ्या तालमीत हल्ली माझं येणंजाणं असतं. म्हणजे पाव द्यायला. मंडळी कामावरून थेट येतात, भुकेली असतात. तालीम घेणाऱ्या तुमच्या बाई ठणठणीत आहेत. ऐंशीला टेकल्या असतील, पण विचारायची कुणाची हिंमत आहे? तुझी आठवण काढतात असं लिहून तुला खूश करणार नाही. त्या कुणाचीच आठवण काढत नाहीत, समोर असेल त्याच्यावर डोळे वटारतात. लाकडी जमीन मात्र छान चकाकते. विशेषतः खिडकीखालचा कोपरा. तिथे फळ्या उन्हानं जरा वर आल्यात, त्यामुळे फडकं आडवं नाही, उभं न्यावं लागतं.

उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही.

तुझा बाप


३० जानेवारी

पोरी,

मागच्या पत्रात मी थाप मारली, आणि ती तुझ्या आईनं पकडली. पाकीट मी चिकटवून ठेवलं होतं, तिनं वाफेवर उघडलं. बेकरीत वाफेला काय तोटा! वाचलं, परत चिकटवलं, पेटीत टाकून आली आणि मग मला विचारते, "पाव द्यायला? रोज दोन तास? आणि पाववाल्याला फडकं उभं न्यायचं की आडवं, तेही कळतं वाटतं?"

तर खरं काय ते लिहितो.

ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले, तीस वर्षं पीठ मळून पाठीची कमान झालीय, रोज चालत जा. मी चालायला लागलो. पाय कुठे नेतील ते काही डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. चार दिवस तालमीसमोरच्या फुटपाथवर नुसता उभा राहिलो. पाचव्या दिवशी एक वाक्य पाठ करून दारापाशी गेलो.

उंबऱ्यावर अकरा-बारा वर्षांची एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, कानामागे पेन्सिल. म्हणाली, "काका, चपला जोडीनं ठेवा. टाचा भिंतीकडे." मी ठेवल्या. तिनं खाली बसून त्या अर्धा इंच सरकवल्या आणि मग मला आत सोडलं.

मागच्या वेळी, सहा वर्षांपूर्वी, मी चपला काढल्याच नव्हत्या. मंडळी जमलेली असताना पिठाच्या चपलांनी थेट जमिनीच्या मध्यापर्यंत गेलो होतो. तू हातात फडकं घेऊन गुडघ्यांवर होतीस. बाईंना मी काय बोललो ते तुला पाठ असेल. "माझ्या शिकल्यासवरलेल्या मुलीला तुम्ही मोलकरीण केलीत." त्या दुपारी एका गिऱ्हाइकानं हसत हसत मला सांगितलं होतं, तुमची पदवीवाली मुलगी तिकडे जमीन पुसते म्हणे. त्याच्या हसण्याचा राग मी तुम्हा दोघींवर काढला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. गिऱ्हाइकाला तर मी त्या दिवशी हसून पाव बांधून दिला होता.

असो. पाठ केलेलं वाक्य बाईंना बघून पळालं. "मी तिचा बाप," एवढंच निघालं.

"ओळखलं," बाई म्हणाल्या. "का आलात?"

"माफी मागायला."

"मग मागा."

मागितली. धड मागितली की नाही माहीत नाही, कानात भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "बादली त्या दाराआड आहे."

मी सगळी जमीन पुसली. वाटलं, फिटली. निघालो तर म्हणाल्या, "कोपरे राहिलेत. उद्या या." दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "फडकं फार ओलं आहे. उद्या या." तिसऱ्या दिवशी, "हातानं रेटताय, पोटातून ढकला. उद्या या." असे तीन महिने झाले. गंमत म्हणजे पाठ दुखायची थांबली. डॉक्टर म्हणाले, बघा, चालण्याचा गुण आला. मी हो म्हटलं.

तुझा बाप


१६ मार्च

पोरी,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघत नाहीये. पोस्टमन मात्र हल्ली मला लांबून बघितलं की हातानंच नाही नाही करतो आणि पलीकडच्या फुटपाथनं जातो.

बातमी अशी की सत्तावन्नाव्या वर्षी मी तुमच्या त्या पकडी आणि पडणं शिकायला तालमीत नाव घातलं. पांढरा पोशाख घालून घरात उभा राहिलो तर तुझी आई भिंतीला टेकून खाली बसली. हसू आवरल्यावर म्हणाली, "पिठाच्या पोत्याला नाडी बांधलीय नुसती."

तिथले नियम तुला मी काय सांगू, पण मला ते नवे आहेत म्हणून सांगतो. आधी आला तो मोठा. वय दारात ठेवायचं. त्यामुळे ती कानामागे पेन्सिलवाली माझी ताई झाली. तिला पाच वर्षं झालीत. सगळे तिला पेन्सिलताई म्हणतात आणि ती मान ताठ ठेवून हाक स्वीकारते. मी नवा, म्हणून मला तिच्या हाताखाली दिलंय. माझ्या कमरपट्ट्याची गाठ, माझं वाकणं, माझी वेळेवर हजेरी, सगळं तिच्या डोक्यावर. पहिल्या दिवशी तिनं माझी नखं बघितली.

"हे काय आहे?"

"पीठ आहे, ताई."

"उद्या ते घरी ठेवून या."

रोज निघताना आता तुझी आई ब्रश घेऊन माझ्या बोटांना लागते. या नियमानं तू माझी कोण लागतेस, याचा विचार मी परवा भट्टीसमोर उभा राहून केला आणि एक ट्रे पाव करपवले.

पण लिहायचं ते वेगळंच आहे. नाव घातलं त्याच दिवशी मी नेहमीसारखा बादली घ्यायला गेलो, तर पेन्सिलताई आडवी आली. "तुम्हाला नाही घेता येणार."

"का? चार महिने मीच पुसतोय."

"तेव्हा तुम्ही पाहुणे होतात. आता पहिल्या वर्षाचे आहात. पहिल्या वर्षाला उंबरा झाडायचा आणि चपला लावायच्या. फडकं तीन वर्षांनी मिळतं, ते पण बाईंनी दिलं तर."

मला इतका राग आला! माझा खिडकीखालचा कोपरा! मी बाईंकडे तक्रार घेऊन गेलो. त्या काठीला तेल लावत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ज्या जमिनीवर सगळे पडणार, ती नीट आहे की नाही हे बघणाऱ्यावर आमचा सगळ्यात जास्त भरवसा लागतो. एखादी फळी वर आली, खिळा निघाला, तर कुणाचं तरी डोकं फुटेल. ते काम नवख्याला कसं देऊ?"

"मग मला आल्या दिवशीच कसं दिलंत?"

"माफी मागायला आलेल्या माणसाला हलकं काम देत नाही आम्ही."

मग त्यांनी एवढंच सांगितलं, की तुला फडकं अडीच वर्षांत मिळालं होतं. इतक्या लवकर आधी कुणाला दिलं नव्हतं त्यांनी. मी भांडायला आलो तेव्हा फडकं हातात आल्याचा तुझा तो पहिलाच आठवडा होता.

मी बाहेर येऊन सगळ्यांच्या चपला लावल्या. बावीस जोड. टाचा भिंतीकडे.

तुझा बाप


५ एप्रिल

पोरी,

हे पत्र तीन दिवस लिहितोय.

तालमीत माझा जोडीदार आहे शिंपीदादा. कोपऱ्यावरचं दुकान त्याचं. उंच, बारीक, अंगानं सुईसारखा. मागच्या सोमवारी मनगटाची पकड करायची होती. एकानं धरायचं, वळवायचं, दुसऱ्याला पुरे झालं की त्यानं जमिनीवर अंथरलेल्या गादीवर थाप मारायची, आणि थाप ऐकली की त्याच क्षणी सोडायचं. हे आम्हाला पहिल्या तासाला शिकवतात. हात वर करून म्हणायला लावतात, जोडीदार ही माझ्याकडे विश्वासानं दिलेली वस्तू आहे.

मला ती पकड आठवडाभर जमत नव्हती. सोमवारी जमली. शिंपीदादानं थाप मारली. मी ऐकली. आणि पोरी, मी सोडलं नाही. एक श्वासभर धरून ठेवलं. सगळ्यांना दिसावं म्हणून. पिठाचे हात आहेत माझे, त्यांच्यात जोर किती आहे ते मला ठाऊक होतं.

तो ओरडला नाही, फक्त पांढरा पडला. मनगट तिथल्या तिथे सुजायला लागलं. बर्फ आणला, पट्टी बांधली. मी तोंडानं चुकलं चुकलं म्हणत होतो आणि मनात म्हणत होतो, एवढं काय झालंय, मर्द माणूस आहे.

तेवढ्यात पेन्सिलताई पुढे आली. शिंपीदादासमोर गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात जमिनीला टेकवले आणि कपाळ टेकवलं. म्हणाली, "माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्याकडून तुम्हाला दुखापत झाली. मी त्यांना नीट शिकवलं नाही. मला माफ करा."

अकरा वर्षांची मुलगी गं. तिच्या वेण्या जमिनीवर पडल्या होत्या. मी तिथे उभा, तिच्या बापापेक्षा मोठा. मला वाटलं, कुणीतरी तिला उठवा. मग कळलं की हे मलाच करायचंय. मी तिच्या शेजारी बसलो आणि टेकलो. कसं टेकायचं हे शिकवलेलं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा टेकलो.

आणि खाली डोकं असताना मला तू दिसलीस.

त्या दिवशी मी ओरडत असतानाच तू फडकं बाजूला ठेवलंस आणि बाईंसमोर अशीच वाकलीस. मी ते बघितलं आणि माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. वाटलं, बाप समोर उभा असताना पोरगी परक्या बाईच्या पाया पडतेय. बापाची लाज वाटतेय तिला. म्हणून मी म्हणालो, "मग इथेच राहा, घरी येऊ नकोस." तू आठवडाभरात लांब परगावी नोकरी धरलीस. सहा वर्षं मी तुझ्या आईला सांगत आलो की तिनं मला सोडलं.

सराव संपल्यावर बाईंना विचारलं, त्या दिवशी ती तुमच्याशी काय बोलली? मला ऐकू आलं नव्हतं, मी ओरडत होतो. बाईंना शब्द न् शब्द आठवत होता. "ती म्हणाली, हे माझे वडील आहेत. यांची चूक माझ्याकडे धरा."

घरी आलो, आईला सांगितलं. तिला ते सहा वर्षांपासून माहीत होतं. "सांगितलं का नाहीस?" म्हटलं. म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी?"

पोरी, माझं चुकलं. कागदावर लिहिणं सोपं आहे हे मला कळतं. तरी लिहितो. माझं चुकलं.

शिंपीदादाचा हात तीन आठवडे बंद राहणार आहे. भट्टीचं काम आटपलं की मी दुपारी त्याच्या दुकानात जातो. तो सांगतो, मी कापतो. इस्त्री करतो, शिवणी उसवतो, सुईत दोरा ओवायला मात्र अर्धा तास लागतो. काल एका गिऱ्हाइकाची पँट मी एका पायात तोकडी केली. शिंपीदादा इतका हसला की त्याला दुखरा हात दुसऱ्या हातानं धरावा लागला.

तुझा बाप


२७ मे

पोरी,

कार्ड आलं!

पोस्टमननं ते पलीकडच्या फुटपाथवरूनच उंच धरलं आणि ओरडला, "आलं, आलं!" न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला, त्याच्यामागे अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईक. मी गल्ल्यावरून उठलो तो पिठाच्या पिंपाला धडकलो.

वर कुणाचं नाव नाही, खाली सही नाही. एवढंच: "कोपर आत ठेवा. मनगट नाही, कंबर वळवा."

मी ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मग आईनं वाचलं. मग आमचा वाद झाला. मी म्हटलं, 'ठेवा' म्हणजे बापाला उद्देशून लिहिलंय. ती म्हणाली, पेशंटना चालायला शिकवते ना ती, त्यांनाही दिवसभर असंच सांगत असेल, पाय आत ठेवा, कंबर वळवा. मी म्हटलं, पेशंटला कुणी कार्ड टाकत नाही. संध्याकाळी तिनं स्वतःहून माझा पोशाख इस्त्री केला.

तालमीत कार्ड बाईंना दाखवलं. त्यांनी हात लांब करून वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. हेच मी दोन महिने सांगतेय."

"तुमचं मला कळत नव्हतं, बाई."

"मग तिच्याकडूनच शिका. टपालखर्च तुमचा."

शिंपीदादाचा हात आता बरा आहे. त्यानं तोच हात पुढे केला. मी म्हटलं, दुसरा दे. तो म्हणाला, "नाही, हाच." मी कोपर आत ठेवलं, मनगट नुसतं धरलं आणि कंबर वळवली. पोरी, तो उडाला. मी जोर लावलाच नव्हता! तो गादीवर पडल्या पडल्या म्हणाला, "अरे, हे काय होतं?" त्यानं थाप मारली आणि हात गादीवरून उचलायच्या आत मी सोडलं होतं. पेन्सिलताईनं कानामागची पेन्सिल काढून वहीत काहीतरी लिहिलं. चांगलंच असावं, कारण तिनं ते झाकलं.

तुझा बाप


२२ ऑगस्ट

पोरी,

तुझी कार्डं मी भट्टीजवळच्या भिंतीवर ओळीनं लावलीत. "पडताना श्वास सोडा." "डोळे जोडीदाराच्या छातीवर, पायांवर नाही." "घाई करू नका." शेवटचं न्हाव्याला इतकं आवडलं की तो म्हणाला, दुकानात लावायला दे. दिलं नाही.

परीक्षा तेरा सप्टेंबरला, रविवारी सकाळी दहाला. पडणं, पकडी आणि तोंडी प्रश्न. पडण्याची काळजी नाही, ते मला जन्मजात येतं. तोंडी परीक्षेची धास्ती आहे. बाई नियम विचारतात आणि पाठांतर नुसतं म्हणून दाखवलं की पुढचा प्रश्न नियमांच्या बाहेरचा विचारतात.

एक सांगायचं राहिलं. तू बाईंचा निरोप न घेता गेलीस हे त्यांच्याकडे चुकीत धरतात, हे मला ठाऊक आहे. मी म्हटलं, बाई, कारण मी होतो, तर तिच्या वतीनंही मीच माफी मागून टाकतो. त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही उचललंत, छान केलंत. तिचं तिला उचलू दे. पोरीच्या वाटचं सगळं बापानं केलं तर तिला करायला काय उरलं?"

म्हणून ये असं मी लिहीत नाही. तारीख फक्त कळवली.

तुझा बाप

(खाली आईच्या अक्षरात: हे पत्र मी वाफेवर उघडलेलं नाही, त्यांनी स्वतः दाखवलं. ते लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. परवा झोपेत बसल्या बसल्या वाकले आणि म्हणाले, "ताई, नखं कापलीत." ये गं बाई, मला एकटीला हे आवरत नाही.)


२० सप्टेंबर

पोरी,

पोचल्याचा फोन आला तेव्हा आपण दोघं चक्क अकरा मिनिटं बोललो, आई घड्याळ बघत होती. तरी एक गोष्ट राहिलीच. परीक्षेच्या दिवशी तू दाराशी बसली होतीस आणि तुला माझी पाठ तेवढी दिसत होती. पुढून काय झालं ते तुला सांगतो.

पडण्याचं झालं, पकडी सुरू झाल्या. एवढ्यात शिंपीदादानं माझ्या खांद्यावरून दाराकडे बघितलं आणि त्याचं तोंड एका बाजूला वाकडं झालं. हसू दाबल्यासारखं. मग रांगेतल्या दुसऱ्याचं. मग तिसऱ्याचं. पेन्सिलताई तर पापणी न लवता छताकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. मी काय समजलो सांगू? मला वाटलं, माझी नाडी सुटलीय. पुढची दोन्ही आवर्तनं मी एका हातानं पँट चाचपत केली. बाईंनी त्याचे गुण कापलेत.

नंतर पेन्सिलताईनं सांगितलं. तू आलीस, चपला काढल्यास आणि आत येऊन गुडघ्यांवर बसलीस तेव्हा तिनं बाईंच्या कानात विचारलं, बोलवू का? बाई म्हणाल्या, "सहा वर्षं उशीर झालाय, आणखी वीस मिनिटांनी काही बिघडत नाही. त्यांचं होऊ दे आधी."

मग तोंडी परीक्षा. मी बाईंसमोर उभा, हात बाजूला. त्यांनी सोपे तीन प्रश्न विचारले. काठी कशी द्यायची, आजारी जोडीदाराला काय विचारायचं, असलं काहीतरी. मग म्हणाल्या, "उशिरा आलेल्या विद्यार्थ्यानं काय करायचं?"

हे पाठ होतं. "दाराच्या आत गुडघ्यांवर बसायचं, बोलावणं येईपर्यंत थांबायचं, आणि आत आल्यावर रांगेत शेवटी उभं राहायचं. मग कितीही जुना विद्यार्थी असो."

"बरं. आणि तालमीनं काय करायचं?"

हे कुठल्याच यादीत नव्हतं. मी पेन्सिलताईकडे बघितलं, ती अजून छताकडेच. शेवटी जे मनात आलं ते बोललो. "तालमीनं त्याला बोलवायचं, बाई. जास्त वेळ ताटकळत ठेवू नये. तो आलाय, हेच खूप झालं."

बाई माझ्या मागे बघून म्हणाल्या, "ऐकलंस? ये."

मी वळलो.

पोरी, माझे पाय सुटलेच होते. तुझ्यापर्यंत पंधरा पावलं असतील, मी चारात आलो असतो. पण परीक्षार्थीनं जागा सोडायची नसते. माझा हात आपोआप वर गेला. "बाई, जागा सोडायची परवानगी?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ती येतेय ना."

आणि तू आलीस. बाईंसमोर टेकलीस, तुझं जे होतं ते हळू आवाजात बोललीस. ते तुमच्या दोघींतलं, मी कान दिला नाही. मग तू उठून रांगेच्या शेवटी गेलीस, उशिरा आलीस म्हणून. आणि बाईंनी मलाही रांगेत धाडलं, तिथे नवखा म्हणून तुझ्याआधीचा शेवटचा मीच होतो. आपण शेजारी शेजारी उभे राहिलो. मी समोर बघत होतो, नियम आहे. तुझा श्वास ऐकू येत होता.

बाईंनी जोड्या लावल्या. आपली लावली. मी तुला वाकून अभिवादन केलं, तूही केलंस, आणि मी मनगट धरायला हात पुढे करतोय तोवर मी छताकडे बघत गादीवर होतो! काय केलंस ते मला अजूनही कळलेलं नाही. आई खिडकीतून टाळ्या वाजवत होती, तिला बाईंनी गप्प केलं.

आणि तू माझ्यावर वाकलीस, हात दिलास आणि विचारलंस, "बाबा, लागलं का?"

मी म्हटलं, "छे, अजिबात नाही."

पोरी, लागलं होतं. कंबर चार दिवस धरून होती, पाव भट्टीत टाकताना मी आईला हाका मारत होतो. पण तू 'बाबा' म्हणालीस आणि मला दुसरं काही सुचेना. परीक्षेत पास झालो हेसुद्धा मला आईनं घरी आल्यावर दोनदा सांगितलं.

पुढच्या महिन्यात सुट्टी मिळाली की ये. बाईंना विचारून ठेवलंय, आपली जोडी त्या पुन्हा लावतील. खुशाल पाड.

तुझा बाबा